गावाचा पसंतीक्रम

माझ्याकडे यायला लोकांना कारण लागतं. कारणाशिवाय येतं ते शेजारचं मांजर, आणि तेही घरात मासळी शिजत असेल तरच. ओरोसला नोकरीत होते तेव्हाही संध्याकाळी क्वार्टरचं दार लावलं की सकाळी दूधवाला येईपर्यंत तोंड उघडायचा प्रसंग नसे. पण दिवसा कचेरीत माणसं असत, चहाला हाक मारत, आकड्यांवरून हुज्जत घालत. मी सांख्यिकीच्या खात्यात होते. निवृत्त झाले आणि वडिलांच्या घरी, गावाला येऊन राहिले. लग्न केलं नाही. भाऊ मुंबईला असतो आणि सणावारी फोन करतो.

माझं घर वरची वाडी आणि खाडीवाडी यांच्या मधल्या पाणंदीवर आहे. चतुर्थीच्या दिवसांत दोन्ही वाड्यांची भजनी मंडळं तिथूनच ये-जा करतात. भावाने गणपती मुंबईला नेल्यापासून आमच्याकडे भजन होत नाही. टाळांचा आवाज जवळ येतो, मी उगाचच ओटीवरचा दिवा लावून ठेवते, आणि आवाज पुढे निघून जातो. वरच्या वाडीला वाटतं मी खाडीवाडीच्या हिशेबातली, खाडीवाडीला वाटतं वरच्या वाडीच्या. कोणाच्या मनात वाईट नसतं. पण चांगली माणसं आपल्याला विसरली की रागवायचीही सोय राहत नाही, आणि मला रागवायला आवडतं.

तर अशा माझ्या ओटीवर देवस्थान समितीचे अध्यक्ष येऊन बसले, तेव्हा मला वाटलं, कोणाचं तरी बरंवाईट झालं असणार. ते गावचे पहिले मानकरी. देवीचा पहिला नारळ त्यांचा, पालखीला पहिला खांदा त्यांचा. लांबच्या नात्याने मी त्यांना दादा म्हणते. चहा पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "तू इतकी वर्सां आकड्यांतच होतंस मां? मगे ह्यां भांडाण सोडव बगू."

भांडण मला माहीत होतं. पालखी खाडीपर्यंत न्यायची नाही, खालचा रस्ता खराब आहे, असं समितीने ठरवलं होतं. समितीत सात माणसं, सातही वरच्या वाडीची. खाडीवाडीने मग जत्रेच्या मांडवाला एकही माणूस पाठवला नाही. बोलाचाली झाली, जुनी उणीदुणी निघाली, आणि देवळाच्या पायरीवर दोन वाड्यांचे लोक दोन बाजूंना तोंडं करून बसायला लागले.

दादा गेल्यावर मी कधी नव्हे ते ओटीवर येरझाऱ्या घातल्या. हे जमलं तर या गावात आपली म्हणून एक जागा होईल, असं मनात आलं. मला तेवढंच हवं होतं.

गुंता तसा साधा होता. निवडणुकीत प्रत्येक घराला जागांइतकी, म्हणजे सात मतं असत. वरच्या वाडीत निम्म्याहून जास्त घरं. त्यांनी आपली सातही मतं आपल्याच सात जणांना दिली की खेळ संपला. बाजारवाडी ही गावातली तिसरी वाडी; ती आणि खाडीवाडी एक झाल्या तरी त्यांचा एक माणूस आत जाऊ शकत नव्हता. यात कोणाचं कपट नव्हतं. पद्धतच तशी होती, आणि ती वर्षानुवर्षं चालत आली म्हणून सगळ्यांना न्यायाची वाटत होती.

खाडीवाडीतली एक बाई अधूनमधून माझ्याकडे तिसऱ्या, कालवं, कधी कुर्ल्या घेऊन येते. तोंडाने फटकळ, पण मासळी कधी शिळी देणार नाही. तिला मी विचारलं तेव्हा तिने टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "आक्का, आमची मतां मोजतत, पण आमचो माणूस काय येना नाय. मगे मोजतत कित्याक?"

मी कामाला लागले. शिक्षक मतदारसंघाच्या निवडणुकीला मी पूर्वी ड्युटी केली होती. तिथे नावापुढे फुली मारत नाहीत, पसंतीचा क्रम लिहितात, एक, दोन, तीन. तीच पद्धत गावाच्या अंगाला बेतायची असं ठरवलं. घराला मत एकच. सात जागा असतील तर एकूण मतांचे आठ भाग करायचे आणि एका भागाहून जास्त मतं ज्याच्याकडे जमली तो आत. कोणाला गरजेपेक्षा जास्त मिळाली तर वरची मतं पुढच्या पसंतीकडे जातात, कळशी भरली की वरचं पाणी दुसऱ्या कळशीत जावं तशी. वर काढायला काही उरलं नाही की ज्याच्याकडे सगळ्यांत कमी मतं तो बाद, आणि त्याच्या चिठ्ठ्या त्यांच्या पुढच्या पसंतीकडे. असं करता करता गावाचा आठवा हिस्सा एकविचाराने उभा राहिला तर त्याला कोणी बाहेर ठेवू शकत नाही. खाडीवाडी आठव्या हिश्श्याहून चांगली मोठी होती.

त्या हिवाळ्यात माझी ओटी भरून गेली. संध्याकाळ झाली की वरच्या वाडीचे चार, बाजारवाडीचे दोन, खाडीवाडीचे तीन असे लोक यायचे. मी देवगडला जाणाऱ्या एसटीच्या वेळा विसरले, टीव्ही लावायची विसरले. बाजारातून कप आणले. खरं सांगते, गावात भांडण झालं याचं मला बरंच वाटत होतं.

समजावताना मात्र जीव मेटाकुटीला यायचा. पसंतीक्रम म्हणजे काय हे मी कचेरीच्या मराठीत सांगत बसले होते. ऐकून ऐकून मासेवाली वैतागली आणि तिने एका वाक्यात उरकलं, "पयली सुरमय. ती नसली तर बांगडो. तोव नसलो तर सुकाट. घरात काय तां शिजाक व्हया मां?" सगळ्यांच्या माना हलल्या. मी माझा कागद घडी करून ठेवला.

वरच्या वाडीतल्या एका बागायतदाराचं घोडं मतांच्या तुकड्यांपाशी अडलं. जादा मतं पुढे पाठवताना प्रत्येक चिठ्ठीचा थोडा थोडा अंश पुढे जातो, हे त्याला पटेना. "अर्दां मत म्हणजे काय गो? अर्दो माणूस मत देतलो काय?" मी चिडले. मी लवकर चिडते. ज्या गावात एका फणसाला सातबाऱ्यावर वीसवीस हिस्सेदार असतात, त्या गावाला अपूर्णांक शिकवायची पाळी माझ्यावर यावी! त्याला विचारलं, तुझ्या आंब्यात तुझा वाटा किती? दोन आणे, म्हणाला. मग दोन आण्याचा आंबा कसा खातोस? तो हसला आणि पुढच्या संध्याकाळी मला कोकमं घेऊन आला.

मग आम्ही देवळात एक चाचणी घेतली. सोमवारची आरती झाल्यावर सभामंडपात चिठ्ठ्या वाटल्या, खरी नावं लिहिली, लोकांनी आकडे टाकले. मी मोजायला बसले आणि पहिल्या दहा-बारा चिठ्ठ्यांतच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. सगळ्या चिठ्ठ्यांवर एकचा आकडा दादांच्या नावासमोर. वरच्या वाडीच्या, बाजारवाडीच्या, खाडीवाडीच्याही. ज्यांनी पालखी अडवली म्हणून खाडीवाडी दोन महिने बोलत नव्हती, त्याच माणसाला खाडीवाडीने झाडून सगळी पहिली पसंती दिली होती. मासेवालीनेही.

"तुका ह्योच माणूस पयलो व्हयो?" मी तिला विचारलं.

"व्हयो खंय? पण पयलो आकडो त्यांचोच. त्यांच्या आदी दुसऱ्याक कसो घालतलो?"

"पालखी अडवल्यानी तां?"

"तां येगळां, आक्का. मान देवीचो आसा, त्यांचो नाय."

निवडणुकांवरच्या एवढ्या पुस्तकांत कुठे हे लिहिलेलं नव्हतं. गावाने पसंतीक्रमाला मानाचा क्रम केला होता. पहिला नारळ ज्याचा, पहिला आकडा त्याचा. खरी पसंती लोकांनी दोनपासून लिहायला सुरुवात केली होती. गणिताने त्यातूनही मार्ग निघाला असता. दादांकडची जादा मतं वाटत पुढे नेली असती तर निकाल बहुतेक बरोबरच लागला असता. पण मग अख्ख्या गावाची मतं तुकड्यातुकड्यांनी फिरली असती, आणि दशांशचिन्हापुढच्या तीन-तीन आकड्यांवर कोणाचा विश्वास बसला असता? दादा खांबाला टेकून बसले होते. त्यांचं तोंड उतरलं होतं. पहिल्या पसंतीतली एकही खरी नाही हे त्यांनाही कळलं होतं. मला त्यांची कीव आली.

शेवटी तोड निघाली ती अशी: दादांची जागा मानाची, तिला निवडणूक नाही. उरलेल्या सहा जागांना मतदान. सगळे खूश झाले, मी सोडून. सात जागांना मतांचे आठ भाग होतात, सहा जागांना सातच. म्हणजे निवडून यायला जास्त मतं लागणार. खाडीवाडीची कितीतरी घरं मुंबईमुळे कुलपात होती. जी वाडी आरामात आत येत होती ती आता अगदी काठावर येऊन उभी राहिली.

मग घरांच्या मतांचा विषय निघाला. आमच्यात घर म्हणजे चूल. माझं घर भावाच्या नावावर, तर मत त्याचं की माझं, असं कोणीतरी काढलं. मी जमिनीकडे बघत बसले. मासेवाली मागून म्हणाली, "आक्काची चूल रोज पेटता मां? मगे मत तिचां." लोक सवयीने, देवीपुढच्या गाऱ्हाण्याला म्हणतात तसं, "व्हय म्हाराजा" म्हणाले आणि विषय संपला. त्या रात्री माझ्या एकटीच्या चुलीला मी पहिल्यांदा मान दिला. गॅसच आहे तो, पण पुसून लख्ख केला.

उमेदवार ठरायच्या दिवशी बाजारवाडीतून कोणीतरी म्हणालं, आक्काने उभं राहायला हवं. वरच्या वाडीने मान डोलावली. खाडीवाडीने डोलावली. एवढी सगळी माणसं एका गोष्टीवर एकमताची झालेली त्या देवळात कित्येक वर्षांत कोणी पाहिली नव्हती. नको नको म्हणायची रीत मी पाळली, पण फार ताणलं नाही.

मला निवडून यायचं होतं. देवळाच्या कारभारात मला काडीचा रस नव्हता. पण समितीची बैठक असली आणि एखादं माणूस यायचं राहिलं की बाकीचे म्हणतात, जरा थांबा, त्याला येऊ दे. ते वाक्य मला माझ्यासाठी ऐकायचं होतं. या वयात माणसाला काय काय हवं असतं हे दुसऱ्याला सांगितलं तर हसेल, म्हणून मी कोणाला सांगितलं नाही.

मीच उमेदवार, तर मोजणी मी कशी करू, असं मी विचारून पाहिलं. दादांनी ते उडवूनच लावलं. "तुज्यार नाय तर कोणार विश्वास ठेवूचो गो?" बाकीच्यांनाही तो प्रश्न खुळचट वाटला.

मतदान सकाळी झालं. सभामंडपाच्या कोपऱ्यात साडीचा आडोसा केला होता. एकेक घर आत जाऊन आकडे लिहून येत होतं. दुपारी जेवून सगळे परत आले आणि गोलाकार बसले. मधे चटई, चटईवर उमेदवारांच्या नावांचे कागद ओळीने मांडलेले. एक निवृत्त गुरुजी चिठ्ठी उघडून पहिल्या पसंतीचं नाव वाचत, मी ती चिठ्ठी त्या नावाच्या कागदावर ठेवत होते.

ढीग वाढू लागले. वरच्या वाडीतल्या बागायतदाराचा सगळ्यांत आधी वाढला. खाडीवाडीने मासेवालीला उभं केलं होतं, तिचाही वाढला. माझ्या नावाचा कागद उघडाच होता. सुरुवातीला मला वाटलं, वरच्या चिठ्ठ्या एका वाडीच्या असतील, खाली वेगळ्या निघतील. मग निम्म्या चिठ्ठ्या झाल्या. मग गुरुजी माझ्याकडे बघायचं टाळू लागले. प्रत्येक चिठ्ठी हातात आली की माझी नजर आधी माझ्या नावाकडे जायची, आणि तिथे दोन लिहिलेलं असायचं. वळणदार दोन, थरथरता दोन, इंग्रजीतला दोन. वरच्या वाडीच्या चिठ्ठीवर दोन, खाडीवाडीच्या चिठ्ठीवर दोन. शेवटची चिठ्ठी झाली तेव्हाही माझ्या कागदावर काही नव्हतं. पंख्याच्या वाऱ्याने तो उडायला लागला, म्हणून मी त्यावर पेन ठेवलं.

मासेवाली पहिल्याच फेरीत निवडून आली. बाजारवाडीतल्या काही बायकांनी तिला पहिली पसंती दिली होती, त्यामुळे काठावर राहायचा प्रश्नच आला नाही; उलट गरजेपेक्षा थोडी मतं जास्तच झाली. बागायतदाराचीही झाली. मी ठरल्याप्रमाणे जादा मतांचा हिशोब केला. त्यांच्या बहुतेक चिठ्ठ्यांवर पुढची पसंती मीच होते, तेव्हा त्या दोघांकडून तुकडे तुकडे माझ्याकडे आले. सगळे मिळून दोन मतंही भरत नव्हती. माझ्या नावावर एकही अख्खं मत नव्हतं. दुसऱ्यांचं भरून वर जे सांडलं तेवढं माझं.

ही पद्धत ज्याच्यासाठी एखादी वाडी जीव टाकते त्याला तारते. ज्याला सगळेच बरं म्हणतात त्याला ती आधी बाहेर काढते. हे मला ठाऊक होतं, कोणत्याही पुस्तकात ते लिहिलेलं असतं. क्रमाला गुण द्यायचे आणि गुणांची बेरीज करायची अशीही एक पद्धत आहे. त्या हिशोबाने मी त्या दुपारी पहिली आले असते, ते मी बसल्या बसल्या मनात करून पाहिलं. पण तिच्यात वरच्या वाडीने ठरवून गुण वाटले की पुन्हा सगळ्या जागा त्यांच्याच. म्हणून ती मी कधी लोकांसमोर ठेवलीच नव्हती.

सगळ्यांत कमी मतं माझी होती. मी माझं नाव वाचलं आणि "बाद" म्हणाले. आवाज कचेरीतला निघाला, तो कधी दगा देत नाही. मग माझे तुकडे त्यांच्या पुढच्या पसंतीकडे वाटून दिले आणि मोजणी पुढे चालू ठेवली. अजून बराच वेळ लागणार होता.

निकाल लागला तो असा: वरच्या वाडीचे तीन, बाजारवाडीचे दोन, खाडीवाडीची एक. गावाच्या घरांकडे बघितलं तर याहून न्यायाचा निकाल मलाही कागदावर मांडता आला नसता. कोणी भांडलं नाही. दादांनी तिथेच सांगितलं की पालखी यंदा खाडीपर्यंत जाईल. माझ्या कामाचं सगळ्यांनी कौतुक केलं, आणि चपला घालता घालता एकेक जण जवळ येऊन हळूच सांगून गेलं, "आक्का, दोन नंबर तुमकाच दिलंय हां." बागायतदार म्हणाला. गुरुजी म्हणाले. बाजारवाडीतल्या सासू-सुना दोघीही म्हणाल्या. भेट दिल्यासारखं सांगत होते सगळे, आणि ती खरीच भेट होती. कोणावर रागवणार?

त्यानंतर ओटीवर कोणी यायचं कारण उरलं नाही. पद्धत समितीने लिहून घेतली, पुढच्या वेळी गुरुजी मोजतील असं ठरलं. ते बरोबरच आहे. नियम चांगला असेल तर तो करणाऱ्याशिवायही चालायला हवा, हे मीच त्यांना सांगितलं होतं. संध्याकाळी मी चहा टाकते तो आता पुन्हा एक कपाचा.

मासेवाली आली ती तिसऱ्या घेऊन. निवडून आल्यापासून ती पहिल्यांदाच येत होती. पायरीवर बसली, पण टोपलीवरचं फडकं काढलं नाही.

"आक्का, माका वाटलां तुमी येतलातच," ती म्हणाली. "मी माज्या घरातलां पयलां माकाच दिलंय, लबाड कशाक बोलू. पण दुसरां तुमका."

"ठावक आसा. मीच मोजलंय मां."

तिने टोपली जवळ ओढली. मग म्हणाली, "तुमी पयलां कोणाक दिलात?"

"तुका."

"माका? कित्याक?"

"काठार होतंस. एक घर कमी पडात म्हणान भिलंय."

"आणि दुसरां?"

सांगावं की नाही याचा मी विचार केला. पण तिच्याशी मी कधी आडपडद्याने बोलत नाही. "माका," म्हणाले.

"सोताक दुसरां? असां कोण करता गो?" इतक्या वर्षांत ती मला पहिल्यांदाच 'गो' म्हणाली होती.

"माका वाटलां," मी म्हणाले, "पयलां माका दुसरो कोण तरी देतलोच."

तिने फडकं काढलं, तिसऱ्या माझ्या ताटात ओतल्या आणि खाली मान घालून म्हणाली, "आमकाव तसांच वाटलां."